उजगरे सरांचं मानाचं मंडळ

उजगरे सर विद्यार्थ्यासाठी खुर्चीतून उठायचे. सगळ्यांसाठी नाही. एखाद्याला एखादी गोष्ट खरोखर समजली आहे अशी त्यांची खात्री झाली, की तो खोलीत येताच सर हातातलं काम ठेवत, उठत आणि तो बसेपर्यंत उभे राहत. मला हा मान पहिल्यांदा मिळाला तेव्हा वाटलं, सर कुठंतरी निघालेत. मी दारातूनच परत फिरलो. मागून आवाज आला, "अरे, चाललास कुठं? तुझ्यासाठीच उठलोय."

आमचं कॉलेज पाटोदा तालुक्यात, एका सहकारी संघाच्या जुन्या गोदामात भरायचं. पत्र्याची लांब शेड, मध्ये बारदानाचे पडदे. पडद्याच्या एका बाजूला इतिहास चाले, दुसऱ्या बाजूला तर्कशास्त्र, आणि ऊन चढलं की जमिनीत मुरलेला खताचा वास वर यायचा. संघाचे चेअरमन तेच आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांना सगळा तालुका दादा म्हणायचा. सर तर्कशास्त्र शिकवत. उंच, सावळे, सदऱ्याची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेली. वर्गात पुस्तकातली मराठी बोलत आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की आमच्यासारखी.

उभं राहण्याचं कारण त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं. "माझ्या बापाचा जन्म लोकाम्होरं उभं ऱ्हाण्यात गेला. चावडीम्होरं उभा, पाटलाम्होरं उभा. बस म्हणायचं कुणी न्हाई. छप्पन साली दीक्षा घेतली, घरी आला, ओट्यावर बसला आन् दिवस मावळंपतुर उठलाच न्हाई. मला नोकरी लागली तवा मी ठरवलं, मी बी उभा ऱ्हाणार. पर कुणासाठी, ते मी ठरवणार."

मी कॉलेजात आलो आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं. कपिलधारच्या धबधब्याची धारही आटली, असं लोक सांगत. आमचं घर मेंढरांवर चालायचं. बाबा कळप घेऊन चाऱ्यासाठी गंगेकाठी, म्हणजे गोदावरीकडे, गेले आणि काही महिन्यांनी एकटेच परत आले. कळपातलं एकही मेंढरू उरलं नव्हतं. आम्ही रेशनवरच्या लाल मिलोच्या, परदेशी ज्वारीच्या, भाकरी खायचो आणि दुष्काळी कामावर जायचो. गोदामातले बाक रिकामे पडले, कारण सगळा वर्गच पाझर तलावाच्या भरावावर मुरूम वाहत होता.

प्राचार्य वर्षापुरतं कॉलेज बंद ठेवायच्या विचारात होते. अशा वेळी उजगरे सरांनी गुणवंत विद्यार्थ्यांचं मंडळ काढायचं ठरवलं. प्राचार्य म्हणाले, पोरंच नाहीत तर मान कुणाला देणार? सर म्हणाले, "पोरं हायेत. इथं न्हाईत, एवढंच."

मंडळाचे नियम साधे होते. परीक्षेत गुण चांगले हवेत. शिवाय जो कधी शाळेत गेला नाही अशा एकाला तरी सभासदानं लिहायला शिकवलं पाहिजे. आणि नवा सभासद झाला की तिथं हजर असलेल्या प्रत्येकानं, अगदी अध्यक्षांनीसुद्धा, त्याच्यासाठी उभं राहायचं. दुसऱ्या नियमावर प्राध्यापकांनी कुरकुर केली. शिकवण्याचा आणि हुशारीचा काय संबंध, असं त्यांचं म्हणणं. सरांचं उत्तर ठरलेलं असे. "मार्क कागदाला पडतेत. गुण माणसाला असावं लागतेत."

पहिली सभासद झाली नलिनी. माझ्या शेजारच्या गावची, वडील नसलेली मुलगी. आई कोंडाबाई आणि ती, दोघी भरावावर कामाला होत्या आणि तिथल्याच एका बाईला नलिनीनं नाव लिहायला शिकवलं होतं. नलिनी टोपलं डोक्यावर घेऊन चालताना तर्काची वाक्यं पुटपुटायची, म्हणून बायका तिला चेष्टेनं 'भटजी' म्हणत. त्याच वेळी दादांना आपला पुतण्या मंडळात हवा होता. त्यांनी सरांना बोलावून घेतलं. बैठकीत काय झालं ते सरांनीच पुढं सांगितलं. पुतण्याला मार्क बरे होते, तेव्हा सर एवढंच म्हणाले की त्यानं कुणाला शिकवलं असेल तर त्या माणसाला घेऊन या. दादा हसले. बरं, पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. त्यांच्या मनात तेव्हा राग होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

कार्यक्रम सरांनी भरावावरच ठेवला, दुपारच्या सुट्टीत. मजुरांना खायला मिळणारी सुकडी वाटून झाली होती. नलिनी पुढं आली तेव्हा तिच्या पायांवर गुडघ्यापर्यंत मुरमाची धूळ होती. सर उठले, प्राचार्य उठले, मजूर उठले. सगळ्यात शेवटी दादा धोतर सावरत उठले. कोंडाबाई तेवढी बसून राहिली. हे काय चाललंय ते तिला कळलं नव्हतं. कुणीतरी तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा सर म्हणाले, "त्यांना बसू द्या. त्यांच्याच लेकीसाठी उठलोय आपण."

त्यानंतर रोज दुपारी नलिनी आणखी बायकांना अक्षरं शिकवू लागली. पाटी नव्हती, मातीतच बोटानं काढायची. अडचण सावलीची होती. त्या माळावर झाड असं राहिलंच नव्हतं. सरांनी सगळीकडे फिरून पाहिलं आणि मुरूम काढलेल्या खाणीच्या कडेशी, दरडीच्या सावलीत बसायला सांगितलं. मुकादमानंही हरकत घेतली नाही. तिथं खरंच गार वाटायचं. माझाही एकदोनदा तिथं डोळा लागला होता.

दरड पडली त्या दुपारी मी भरावाच्या दुसऱ्या टोकाला होतो. आवाज फार मोठा झाला नाही. भरलेलं पोतं खाली टाकावं तसा. मग बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. लोकांनी हातांनी, टोपल्यांनी, घमेल्यांनी उकरलं. बहुतेक जणी वेळेवर सरकल्या होत्या. नलिनी आणि एक म्हातारी सरकल्या नव्हत्या. कोंडाबाई तेव्हा पाण्याच्या टँकरपाशी उभी होती. मुकादमानं त्या दिवसाचं काम थांबवलं. सगळे खाणीकडे पळत होते आणि मी माझं टोपलं शोधत होतो. ते सापडलं, मग ते घेऊन मी तिथंच उभा राहिलो.

सर तालुक्याहून सायकलवर आले. नलिनीला घोंगडीवर ठेवलं होतं. कोंडाबाई तिच्या केसांतली माती काढत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "सावली कुनी दावली होती?"

मुकादम काहीतरी बोलू लागला. सरांनी त्याला हातानं थांबवलं. "मी दाखवली," ते म्हणाले.

कोंडाबाई पुन्हा माती काढू लागली. सर अंत्यविधी होईपर्यंत थांबले आणि सायकल हातात धरून चालत परत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्ग घेतला. आम्ही थोडेच जण होतो. धडा जिथं थांबला होता तिथूनच सुरू झाला. फळ्यावर त्यांनी लिहिलं: सर्व माणसे मर्त्य आहेत. त्याखाली लिहिलं: राम हा माणूस आहे. मग म्हणाले, निष्कर्ष सांगा. कुणी सांगेना, तेव्हा त्यांनीच लिहिला आणि पुढच्या उदाहरणाकडे वळले. बाहेर आल्यावर एक जण म्हणाला, हा माणूस दगड आहे. मलाही आतून काही जाणवत नव्हतं. भूक लागायची, झोप लागायची. नलिनीचं नाव घेतलं तरी ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं वाटायचं. पुढं कितीतरी वर्षं हे असंच राहिलं.

मंडळ मात्र वाढलं. पाऊस आला, कॉलेज भरलं. दादांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यामागून संस्थेची आणखी कॉलेजं निघाली आणि प्रत्येक कॉलेजात मानाच्या मंडळाची शाखा आली. बिल्ले आले, फेटे आले, शाल-श्रीफळ आलं. दादांचा पुतण्या मंडळाचा अध्यक्ष झाला आणि त्यानं ते खरोखर हौसेनं चालवलं, हे मान्य करायला हवं. उभं राहण्याची पद्धत सगळ्यांना फार आवडली, ती राहिली. शिकवण्याचा नियम अभ्यासाला वेळ पुरत नाही म्हणून गेला. सरांनी त्यावर वाद घातला नाही. मी त्यांना विचारलं, तुम्ही गप्प कावून बसले? ते म्हणाले, "झाड लावणाऱ्यानं सावलीवर हक्क सांगू नये." एवढं बोलून ते थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि खोलीतून निघून गेले. त्यानंतर त्यांच्या तोंडून 'सावली' हा शब्द मी ऐकला नाही.

मंडळाच्या एका वर्धापनदिनी सरांना संस्थापक म्हणून बोलावलं होतं. मोठा मांडव, ध्वनिक्षेपक, कारखान्याचे संचालक पुढच्या रांगेत. निवेदकानं पहिल्या सभासदांची नावं वाचली. नलिनी पदवीपर्यंत पोचली नव्हती, म्हणून ती त्यांत नव्हती. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. सर बोलायला उठले आणि म्हणाले, "या मंडळाची पहिली सभासद नलिनी. ती शिकवताना गेली. तिला जिथं बसवलं ती जागा मी निवडली होती." मग ते खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना. थोड्या वेळानं कुणीतरी वाजवल्या.

सर दर आईतवारी, रविवारच्या सुट्टीला, कोंडाबाईकडे जात, हे मला फार उशिरा समजलं. दरड पडली त्याच्या पुढच्या आठवड्यापासून ते जात होते. आधी ती दारातून आत जायची आणि ते ओट्यावर बसून परत येत. कधीतरी तिनं पाणी आणून ठेवलं. आणखी पुढं चहा. बोलणं नव्हतंच. एका आईतवारी तिनं जमिनीवर बोटानं एक अक्षर काढलं आणि म्हणाली, "नलीनं मला 'कों' पतुर शिकवलं होतं. म्होरलं तुमी शिकवा." सरांनी शिकवलं. तिला नाव लिहिता येऊ लागलं, मग एसटीवरची पाटी वाचता येऊ लागली. निवृत्त होऊन सर बीडला राहायला गेले, तरी आईतवारची गाडी त्यांनी चुकवली नाही.

सर गेले ते सकाळी, चहा घेताना. त्यांच्या मुलानं मला निरोप दिला. मी आधी कोंडाबाईच्या गावी गेलो आणि तिला घेऊन बीडला आलो. नारायणगडाच्या जत्रेला निघालेल्या माणसांनी एसटी भरली होती. कुणीतरी उठून तिला जागा दिली. वाटेत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

घरात माणसं बरीच होती. कारखान्याचा मोठा हार आला होता. कोंडाबाई सरांच्या पायथ्याशी जाऊन बसली. रडली नाही. मी शेजारी बसलो. मलाही रडू आलं नाही. ती मला म्हणाली, "म्या यांला माफ केलं न्हाई. कदीच न्हाई. त्यांनी बी कदी मागितली न्हाई."

मी मान हलवली.

"पर आईतवारी गाडीचा आवाज आला की मी चहाचं आधन ठिवायचे," ती म्हणाली. "आता आईतवारी काय करायचं रं?"

पुढच्या आईतवारी मी तिच्या गावी गेलो. ती दारातच उभी होती. मला पाहून आत गेली. मी ओट्यावर बसलो.