गाळलेलं पान

समाजशास्त्राच्या बाईंचा आवाज एके काळी कॉलेजच्या सायकल स्टँडपर्यंत ऐकू जायचा. तिथला पहारेकरी म्हणायचा, "बाई, निम्मं समाजशास्त्र मलाही पाठ झालंय." सव्वीस वर्षं त्या अशाच शिकवत होत्या. मग मानेतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, आवाजाची नस दुखावली आणि उरली ती नुसती कुजबूज. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो आला नाही.

घरी त्या आणि थोरली बहीण, दोघीच. बहिणीला कमी ऐकू यायचं. "बरं झालं," बहीण म्हणाली, "आता या घरात भांडण म्हणून व्हायचं नाही." बाई हसल्या, पण हसण्यालाही आवाज नव्हता.

विभागप्रमुखांनी माइक दिला. त्यातून नुसती फुसफुस आली आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाईंनी माइक बंद केला, फळ्यावर एक प्रश्न लिहिला आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. 'तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?'

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग एक मुलगी पुटपुटली, "आई." शेजारचीने विचारलं, "का?" पहिलीला सांगता येईना. तिसरा मध्ये पडला, चौथा त्याच्यावर तुटून पडला. तासाची घंटा झाली तरी वर्ग उठला नव्हता.

तेव्हापासून हीच पद्धत. बघणाऱ्याला वाटायचं, बाई काहीच करत नाहीत. खरं तर आदल्या दिवशी त्या साठ वह्या वाचायच्या, कोण कुणाशेजारी बसणार ते ठरवायच्या, आणि शेवटच्या दहा मिनिटांत मुलांच्या बोलण्याची पुस्तकातल्या धड्याशी फळ्यावर सांगड घालून द्यायच्या. मुलं त्यांना मागून 'कुजबूज बाई' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी लिहिलं, 'तुमच्या घरात कुणाला कुणाची भीती वाटते?' वर्षभरात एक शब्द न बोललेली एक मुलगी उभी राहिली आणि बोलत सुटली. वडिलांबद्दल. पट्ट्याबद्दल. बाईंना वाटलं, आज शिकवणं कारणी लागलं. दोन दिवसांत ही गोष्ट मुलीच्या गल्लीत पोचली, आणि मुलगी यायची बंद झाली.

आठवड्याने बाई तिच्या घरी गेल्या. दार तिच्या आईने उघडलं, पण साखळी काढली नाही. बाई काही बोलल्या.

"ऐकू येत नाही," आई म्हणाली.

बाईंनी फटीशी तोंड नेलं. "मी तिची शिक्षिका. तिला जरा भेटू द्याल?"

"मामाकडे पाठवलंय तिला. झालं तेवढं शिक्षण पुरे." आईने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आणखी काय विचारायचं राहिलंय तुमचं?"

दार लागलं. बाईंनी विद्यार्थिनींच्या तक्रार समितीला पत्र दिलं. उत्तर आलं की सदर मुलीचं नाव आता पटावर नाही.

बाईंनी पद्धत सोडली नाही, पण पार बदलली. कुणी स्वतःच्या घराचं सांगायचं नाही. बाई कागदावर एक खोटं घर रचून द्यायच्या आणि चर्चा त्या घराची व्हायची. प्रश्न आदल्या दिवशी सांगायचा. ज्याला नको, त्याने खुशाल गप्प बसावं.

सामाजिक शास्त्रांच्या प्राध्यापकांची दर शनिवारी बैठक असे. वर्गात काही नवं केलं असेल तर एकमेकांना सांगायचं, असा हेतू. बहुतेक जण चहा-बिस्किटांपुरते यायचे. इतिहासाला हंगामी नेमलेली एक तरुण मुलगी होती, तिला सगळे 'धाकटी' म्हणत. ती बाईंच्या मागेच लागली. "तुम्ही सांगाच. मी वाचून दाखवते ना!"

बाईंनी नऊ पानं लिहिली. पहिल्या पानावर त्या मुलीची हकीकत होती, नाव न घेता, आणि खाली लिहिलं होतं, 'हे आधी वाचा.' धाकटीने सगळं वाचून दाखवलं. कुणी चहाला हात लावला नाही. प्रमुख भारावले. "हे सगळ्या विभागांत गेलं पाहिजे!"

पुढच्या महिन्यात परिपत्रक निघालं. नऊ पानांचं एक झालं होतं. बाई प्रमुखांच्या खोलीत गेल्या. "सर, पहिलं पान?"

"अहो, ते वाचून लोक बिचकतील. चांगल्या कामात अपशकुन कशाला?"

बाई आणखी काही बोलल्या, पण तेवढ्यात फोन वाजला. नंतर, फोन संपेपर्यंत थांबले नाही, हे त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

राज्यशास्त्राच्या सरांना पद्धत फारच पटली. फळ्यावर प्रश्न लिहायचा आणि स्टाफरूममध्ये येऊन बसायचं. 'तुमच्या घरात कायदा कुणी मोडलाय?' असं एक दिवस लिहून ते निघून आले. एका विद्यार्थ्याने तुरुंगातल्या भावाबद्दल सांगितलं. बाकीच्यांनी त्याची टर उडवली, धक्काबुक्की झाली आणि खिडकीची काच त्याच्या दंडात घुसली. हात वाचला, पण दोन बोटं कायमची बधिर झाली.

चौकशी समिती बसली. राज्यशास्त्राच्या सरांनी हात झटकले, "मी परिपत्रकाप्रमाणे वागलो." प्रमुख म्हणाले, "पद्धत बाईंची." बाईंनी नऊच्या नऊ पानं पुढे ठेवली आणि बोलू लागल्या. समितीतल्या एकाने कानामागे हात धरला. दुसरा म्हणाला, "लेखी द्या, बघू." धाकटी बाहेरून आत आली, "मी सांगते त्या काय म्हणतात ते," तर तिला बाहेर बसवलं. इतिवृत्तात ओळ आली: 'संबंधित प्राध्यापिकेचे म्हणणे स्पष्ट झाले नाही.'

निर्णय चार ओळींचा होता. प्रश्नपद्धत बंद. प्रत्येक प्राध्यापकाने किमान चाळीस मिनिटं व्याख्यान द्यावं. ज्यांना ते जमणार नाही, त्यांना परीक्षा विभागात काम द्यावं.

असं एकच माणूस होतं.

धाकटीची नेमणूक उन्हाळ्यानंतर पुढे चालू झाली नाही. निरोप घ्यायला ती तळमजल्यावरच्या परीक्षा विभागात आली तेव्हा बाई उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुतळीने बांधत होत्या. "माझ्यामुळेच झालं," धाकटी म्हणाली. "मी तुम्हाला बोलायला लावलं."

बाईंनी मान हलवली, नाही म्हणून. पण एकमेकींच्या डोळ्याला डोळा देणं दोघींनाही जमलं नाही.

निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं बाईंनी त्या खोलीत काढली. शनिवारच्या बैठका हळूहळू बंद पडल्या. दुसऱ्याच्या वर्गात काय चालतं, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडेना. दुपारी वरच्या मजल्यावरचे वर्ग भरले की जिन्यातून एकच आवाज खाली यायचा, कधी या सरांचा, कधी त्या मॅडमचा. "पुढचा मुद्दा. लिहून घ्या."