तीनदा ऐकणारे वायरमनदादा

वायरमनदादांच्या डाव्या हाताची बोटं कधी गप्प बसत नसत. पोलाखाली उभे असोत, चहाच्या गाड्यावर असोत की सोनारीला काळभैरवाच्या रांगेत, अंगठा एकेका पेरावर टेकत राहायचा. परंड्यातल्या बायकांना वाटे, माणूस नामजप करतो. गावात त्यांना जो मान होता तो निम्मा या गैरसमजापोटी. प्रत्यक्षात दादा सात, नऊ, पुन्हा सात असं मोजत असत, आणि डोक्यात चालू असे ते युरोपातल्या कुठल्याशा थंड गावच्या पाच केसाळ माणसांचं बारा मिनिटांचं गाणं.

या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. कर्कश गिटार, धावत सुटलेले ड्रम, घशातून नव्हे तर पोटातून काढलेली गुरगुर, आणि या सगळ्याच्या तळाशी गणिताच्या पेपरासारखा अवघड ताल. आमच्या तालुक्यात हे ऐकणारी माणसं दोन, एक दादा आणि दुसरा मी. दादांना ते चुकून सापडलं. स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात त्यांनी मेमरी कार्ड भरायला दिलं आणि दुकानदाराने दुसऱ्याच कोणाची गाणी त्यात घातली. "म्या म्हणलं कार्ड फुटलंय," दादा सांगायचे. "परत द्यायला निघालो, तर रस्त्यानं बोटं मोजायलीत! शाळंत लेझीमच्या मागं हलगी वाजवायचो, तवापासून हात असाच हाय. बघतो तर सात! सातात कुणी वाजवतं व्हय गड्या?" कार्ड परत गेलं नाही.

मी पुण्याचं इंजिनियरिंग अर्ध्यावर टाकून गावी आलो आणि कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं. अंगावर त्याच बँडचा काळा टी-शर्ट असायचा, आणि या गावात हे कोणाला कळणार अशी घमेंडही. एक दिवस दादा दुकानाची सर्व्हिस वायर बदलायला शिडीवर चढले. वरूनच टी-शर्टाकडे बघून म्हणाले, "ह्यांचं तिसरं गाणं मधीच अकरात जातंय. का जातंय, सांग की." ते अकरात जातं हेच मला ठाऊक नव्हतं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, दहावी नापास, कंत्राटी वायरमन शिडीवर, आणि मी खाली तोंड उघडं टाकून उभा.

त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत आमची बैठक सुरू झाली. मोडीत निघालेल्या डीजेचे दोन स्पीकर त्यांनी स्वतः दुरुस्त केले होते. तिथला कायदा कडक होता. नवीन काहीही आलं की तीनदा ऐकायचं, अथपासून इतिपर्यंत. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा मोजायचं, तिसऱ्यांदा डोळे मिटायचे. तोवर बरंवाईट एक अक्षर काढायचं नाही. मी एकदा पहिल्याच फेरीत "भारी!" म्हणालो, तर त्यांनी गाणं बंद केलं, पक्कड उचलून बाहेर गेले आणि अर्ध्या तासाने येऊन पुन्हा पहिल्यापासून लावलं. "पुरतं ऐकून घ्यावं रं," म्हणाले. "अर्धं ऐकलं की माणूस स्वतःचंच बोलाय लागतो."

वहिनी दारात शेंगदाणे निवडत बसलेल्या असत. "भावजी, ह्यो गाणारा कुणावर एवढा खवळलाय?" असं त्या मला विचारत. "त्याची बायको लई प्रश्न विचारती," दादा आतून म्हणत. वहिनी हसायच्या आणि चहा टाकायला उठायच्या. मी आयुष्यात जे थोडे दिवस सुखाने घालवले त्यांतले बरेच त्या पत्र्याखालचे आहेत.

कामातही दादांची रीत तीच. मोटर जळाली म्हणून कोणी शिव्या देत आला तरी ते मधे बोलत नसत. त्याचं सगळं ओरडून होऊ देत, मग एकच प्रश्न विचारत, आणि त्या प्रश्नात दुरुस्ती असे. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीजवळ दोन मिनिटं मान वाकडी करून उभे राहिले की नुसत्या घूं आवाजावरून कुठला फेज कमी येतोय ते सांगत. ऑफिसातले इंजिनियर मीटर काढेपर्यंत दादांनी फ्यूज बदललेला असे. त्यांची रोजीरोटी हातावर होती असं सगळे समजत. ती कानावर होती.

मग बँडने नवा अल्बम काढला आणि आमचं वाटोळं झालं.

गुरगुर गेली. बारा मिनिटांची गाणी चार मिनिटांवर आली. पियानो आला, गाणारा साध्या माणसासारखा हळू आवाजात गायला लागला, दोन सुरांमध्ये मोकळी जागा ठेवायला लागला. मी ते कुर्डुवाडीच्या एसटीत ऐकलं, इंजिनाच्या घरघरीत, एकदाच, आणि चौथं गाणं अर्ध्यावर तोडलं. कुर्डुवाडीला उतरायच्या आत मी चाहत्यांच्या ग्रुपवर लिहून टाकलं होतं: "बँड मेला. विकले गेले साले."

या व्हॉट्सअॅप ग्रुपवर राज्यभरातली मंडळी होती. दादांना मीच त्यात घेतलं होतं, मिरवायला. 'आमचे वायरमन, नऊचा ताल बोटावर मोजतात,' असं सांगून मी दोन वर्षं तिथे भाव खाल्ला होता. आता तिथे जुंपली. एक म्हणे, कलावंताला वाढू द्या. दुसरा म्हणे, वाढायचं तर दुसऱ्या नावाने वाढा, आमच्या बँडच्या नावावर नको. कोणी टी-शर्ट जाळल्याचा व्हिडिओ टाकला. जणू त्या पाच जणांनी आमच्या घरात जेवून आमच्याच ताटात हात धुतले होते. आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

तिसऱ्या दिवशी दादांनी ग्रुपवर पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. "तीनदा ऐकलं. मला आवडलं. मागल्या सगळ्यांपेक्षा जास्त."

लोक माझ्यावर तुटून पडले. हेच का रे तुझे वायरमन? याच का बोटांचं कौतुक सांगत होतास? मला अशी लाज वाटली की सांगता सोय नाही. खरं तर लाज वाटावी असं त्यांनी काही केलं नव्हतं, पण मला माझी किंमत कमी झाल्यासारखं वाटलं. मी दादांना एकट्याला लिहिलं, "तुम्ही असं कसं म्हणू शकता? तुम्हीसुद्धा?" त्यावर त्यांचा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. ते हाताने फार लिहीत नसत.

दुकानात गर्दी होती, सातबाऱ्याच्या नकलांसाठी माणसं खोळंबली होती. मी फोन कानाला लावला. दादा म्हणत होते, "गड्या, खरं सांगू का? जुनं आता मला नुस्तं गडगड वाटतंय. ताल न्हाय, शब्द न्हाय, पत्र्यावर दगड टाकल्यागत." इथवर ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. ज्या माणसाने मला त्या गडगडीत अकरा शोधायला शिकवलं तोच हे बोलतो? मी पुढचं ऐकलं नाही. तो मेसेज जसाच्या तसा ग्रुपवर ढकलला आणि वर लिहिलं, "ऐका, आमच्या तज्ज्ञांचं मत."

उरलेली पाच मिनिटं मी तिसऱ्या दिवशी ऐकली, तीही ग्रुपवरच्या एकाने 'अरे, हे काय पाठवलंस तू?' असं विचारल्यावर. ती मला आजही तोंडपाठ आहेत.

"एक सांगतो, कुणाला बोलू नको. उन्हाळ्यात फाट्यावरचा डीपी उडाला न्हवं का, म्या खालीच हुतो. तवापासून उजवा कान गेलाय. डाव्यात बी शिट्टी वाजती. जुनी गाणी लावली की समदं एकात एक मिसळतंय, बोटं चुकायलीत. लई रडू आलं एकदा. पर ह्या नव्यात जागा हाय रं. एकेक आवाज सुटा येतोय. चौथं गाणं नीट ऐक, वर चार चाललेत अन् खाली ढोल नऊ मोजायलाय. मला वाटलं, ह्यांनी माझ्यासाठीच केलंय. तुझ्या वहिनीला बी सांगितलं न्हाय. ऑफिसात कळलं तर पोलावर चढू द्यायचे न्हाईत. तुला सांगितलं, कारण तू पुरतं ऐकून घेणारा हायस."

मी मेसेज काढून टाकला. काय उपयोग? शेजारच्या भूमच्या कोणीतरी कान गेल्याचा तेवढाच तुकडा कापून हसणाऱ्या तोंडांसकट तालुक्याच्या ग्रुपांवर सोडला होता: 'इंग्रजी गाणी ऐकून वायरमन बहिरा'. चहाच्या गाड्यावर लोक तो ऐकून हसत होते. चौथ्या दिवशी कंत्राटदाराच्या सुपरवायझरने दादांना बोलावलं, कागद वाचायला दिला, आणि ते वाचत असताना मागून त्यांच्या नावाने हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. दादा कागद वाचत राहिले. पुढच्या महिन्यापासून त्यांचं नाव यादीत नव्हतं.

त्यात अन्याय कुठे झाला, असं मला पुष्कळ जणांनी सांगितलं. खालून कोणी "लाइन आली" म्हणून ओरडलं असतं आणि यांना ऐकू गेलं नसतं, तर? बरंच झालं म्हणायचं, जीव वाचला. मी कित्येक महिने हे वाक्य उशाला घेऊन झोपलो. पण त्यांच्या जिवाची काळजी वाहणारा मी कोण? मला काळजी होती ती माझ्या टी-शर्टाची. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचाही राग आला होता. समोर बसून का नाही सांगितलं? मेसेजच्या सुरुवातीलाच का नाही सांगितलं? इतका हलकट राग मला माझ्याबद्दल बरंच काही शिकवून गेला.

त्यांच्या घरी जायचं धाडस मला झालं नाही. तेच दुकानात आले. परंड्यात झेरॉक्सची सहा दुकानं आहेत, पण ते माझ्याच दुकानात आले. हातात कानाच्या तपासणीचा कागद होता. "दोन काढ," म्हणाले. मी काढल्या. एक प्रत तिरकी आली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. "ही वाकडी आलीय, परत काढ." मी परत काढली. त्यांनी पैसे काउंटरवर ठेवले, घड्या घातल्या आणि गेले. त्यांच्या डाव्या हाताची बोटं स्थिर होती.

वर्षभरात काय व्हावं? त्या ग्रुपवर ज्यांनी टी-शर्ट जाळले त्यांनीच तो अल्बम डोक्यावर घेतला. आता म्हणे बँडचं सर्वांत प्रगल्भ काम ते हेच. चौथ्या गाण्याखाली नऊ चालतात, हा शोध कोणा पुण्याच्या मुलाने लावला म्हणून त्याची वाहवा झाली. हे परंड्याच्या एका माणसाने एका शिट्टी वाजणाऱ्या कानाने पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं, एवढं लिहायची छाती मला झाली नाही. ते लिहिलं असतं तर पुढचंही लिहावं लागलं असतं. मी ग्रुप सोडला.

दादा तोवर अणदूरला गेले होते. वहिनींच्या भावाचं तिथे खंडोबाच्या देवळाजवळ भंडाऱ्या-खोबऱ्याचं दुकान आहे, तिथे बसतात असं कळलं. मी बार्शी, तुळजापूर करत तीन गाड्या बदलून गेलो. वाटेत एकेक वाक्य जुळवत होतो. माफी मागायची, सगळं सांगायचं, त्यांनी शिव्या घातल्या तर त्या खाली मान घालून ऐकायच्या. शिव्यांची तर मला आशाच होती.

दादा दुकानाच्या ओट्यावर बसले होते. केस पिकले होते. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली आणि बाजूला सरकले. मी आठवणीने त्यांच्या डाव्या बाजूला बसलो, म्हणजे ऐकू जाईल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश उठले, माझ्या पुढून गेले आणि माझ्या दुसऱ्या अंगाला येऊन बसले. आता माझ्याकडे त्यांचा उजवा कान होता.

"हं, बोल," म्हणाले आणि देवळाकडे तोंड करून बसले.

मी बोललो. सगळं बोललो, जुळवलेलं आणि न जुळवलेलं, एसटीपासून ते तिरक्या झेरॉक्सपर्यंत. मधे आवाज फुटला तेव्हा रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. दादांची मान हलली नाही. माझं बोलणं संपलं हेही त्यांना कळलं नसावं. शेवटी मी त्यांच्या दंडाला हात लावला.

"झालं का बोलून?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

"मग चहा पिऊन जा. पावणेपाचला गाडी हाय."