डोंगरातल्या मातीचं पोतं

कुंड्यांसाठी मी नेहमी डोंगरातली माती मागवते. माझा मोगरा बघून बाळकुमच्या आमच्या सोसायटीतल्या बायका जळतात, ते सुख वेगळंच. परवा दुपारी बाल्कनीत पोतं उपडं केलं आणि करंगळीएवढा काळा, चकचकीत साप फरशीवर पडला.

पंचविशीतली मी असते तर मिठाची बरणी घेऊन धावले असते. तेव्हा ठाकुर्लीच्या चाळीत मोरीतून वाळा निघायचा. गांडुळासारखा दिसणारा, बिनविषारी, बिचारा साप. तो झोपलेल्याच्या कानात शिरतो, असं सासूबाई सांगायच्या. मी चांगली बी.एस्सी. झालेली, तरी पावसाळाभर कानांत कापूस घालून झोपायची. वाळा दिसला की मीठ!

आता भीती होती ती हा मरेल याची. माझी नात अशाच मातीत राहणाऱ्या सापांचा अभ्यास करते, त्यांच्या शोधात सह्याद्रीभर हिंडते. तिला फोन लावला.

"आजी, तो उन्हात आहे?"

"फरशी तापलीय गं."

"सुपलीने टबात घे, वर ओली माती घाल. सुकला तर मरेल. मी दिवा स्टेशनला पोचलेय, आलेच."

टबापाशी बसून मी विनवत राहिले, "थांब रे राजा, येतेय ती." मातीतून वर आलेलं बोथट तोंड ढिम्म हलेना.

नात आली, वाकली. "आजी, ही शेपटी आहे. डोकं केव्हाच खाली गेलंय."

"म्हणजे मी तासभर..."

"शेपटीशी बोललीस." ती हसली. तिने शेपटीला बोट लावलं, तशी शेपटीही मातीत गेली. साप जिवंत होता. मग तिचं लक्ष पोत्याकडे गेलं आणि हसू मावळलं. "ही माती कुठल्या डोंगरातली? या सापांतले काही एखाद्याच डोंगरावर सापडतात गं. याला तिथेच सोडायला हवं."

मिठाच्या बरणीने मी एकेक वाळा मारला. पोत्यांनी किती, कोण जाणे.

मातीवाला सरळ विचारलं तर सांगणार नाही, म्हणून त्याला फोन लावून मी आवाजात साखर घातली. "दादा, मोगरा काय फुललाय! कुठली हो ही माती?"

"मुरबाडच्या पुढची, मावशी, घाटाखालच्या रानातली. आत्ता तिथेच खणतोय. किती पोती आणू?"

"एकही नको! अहो, थांबा!"

फोनमधून फावड्याचा आवाज येतच होता. नात दुसऱ्या फोनवर वनखात्याला पत्ता सांगत, टब छातीशी धरून जिना उतरू लागली. मी चपला शोधत बसले नाही, तशीच मागे निघाले.