माझी दगडी सवत

माझी सवत काळ्या दगडाची आहे, तिला उंच मनोरा आहे आणि ती पेठेत ऐन मोक्याच्या जागी बसली आहे. लोक तिला कॅथेड्रल म्हणतात. मी काय म्हणते ते छापण्याजोगं नाही.

आमचे हे, रेव्हरंड शांतवन हिवाळे, नगरकडच्या एका शाळामास्तरांचे चिरंजीव. पाळक होऊन पुण्यात आले आणि उभा जन्म तिच्या पायाशी घालवला. बाप्तिस्मे, लग्नं, मयती, आजाऱ्यांच्या भेटी आणि दर रविवारी वेदीपाशी भाकर-द्राक्षारसाचं प्रभुभोजन. आमची मुलगी झाली तेव्हा हे त्याच इस्पितळात होते, पण दुसऱ्या वॉर्डात, शेजारच्या यमुनाबाईंच्या नवऱ्यासाठी प्रार्थना करत. तो बरा झाला. यमुनाबाई अजून सांगतात, "देवमाणूस हो तुमचे!" देवमाणूस शेजारणीच्या घरात असावा, आपल्या नको.

एक गोष्ट मात्र मला कायम सलायची. आमच्यात लग्नाचा वाढदिवस आला की रविवारच्या उपासनेत जोडप्याला वेदीपुढे बोलावतात. दोघं शेजारीशेजारी गुडघे टेकतात, पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मी दर वर्षी एकटीच टेकले. नवरा समोर झगा घालून उभा, आशीर्वाद द्यायला! बाकीच्या बायकांशेजारी त्यांचे नवरे असत, अवघडलेले, बुटांना पॉलिश केलेले. त्या बायकांचा मला भयंकर हेवा वाटे.

यंदा हे निवृत्त झाले. निवृत्त पाळकानं आपल्या जुन्या चर्चच्या मंडळीत लुडबुड करायची नाही, असा रिवाज. सवतीची पीडा टळली म्हणून मी कर्वेनगरच्या नव्या सोसायटीत पेढे वाटले. जवळच्या छोट्या चर्चमध्ये आम्ही चारचौघांसारखे बाकावर बसू लागलो.

गेल्या रविवारी तिथल्या पाळकांनी आमचं नाव पुकारलं. मी ठेवणीतली पैठणी नेसले होते. दोघं पुढे गेलो. मी गुडघे टेकले, शेजारी पाहते तर जागा रिकामी! हे सवयीनं पायरी चढून, मंडळीकडे तोंड करून, माझ्या डोक्यावर हात धरून उभे. मंडळी हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी तोच हात धरून ह्यांना खाली ओढलं. हे मुकाट्यानं टेकले. प्रार्थना सुरू झाली. इतक्या वर्षांनी माझा नवरा माझ्या शेजारी होता. मला अगदी भरून आलं. तेवढ्यात हे माझ्या कानाशी पुटपुटले, "आज तिकडे प्रभुभोजन कोण देत असेल गं?"

"डोळे मिटा," मी म्हटलं, आणि हात सोडला नाही.