चादरीचं दुसरं टोक

इस्पितळाच्या लाँड्रीत चादरीची घडी दोघींनी करायची असते. इस्त्रीच्या रोलरमधून गरम चादर बाहेर आली की दोन टोकं एकीने धरायची, दोन समोरचीने. ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. सगळ्या गप्पा या चालण्यातच होतात. सासूची गाऱ्हाणी लांबून, मोठ्याने. मनातलं मात्र टोकं जुळली की, हळूच.

तिथली एक बाई आणि ताई, अशी जोडी होती. ताई वयाने मोठी, नात्याने कोणी नाही.

रोलरवरची संरक्षक जाळी कधीच निघून गेली होती. एका मुलीचा हात भाजला. पाहणीला आलेल्या साहेबाने विचारलं, "जाळी कधीपासून नाही?" सगळ्या माना खाली घालून उभ्या राहिल्या. ही म्हणाली, "मी इथे आले तेव्हाही नव्हती."

जाळी बसली. सुपरवायझरबाईंना वरून बोलणी बसली. त्यांनी तिचं नाव वकीलबाई ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या समोर कोणी उभं राहिलं नाही. ताई दुसऱ्या टेबलाला गेली.

नळावर गाठ पडली तेव्हा ताई पाण्याकडे बघत म्हणाली, "मनावर घेऊ नकोस गं. माझी कच्चीबच्ची आहेत." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. मारणारे हात कोणाचे, तेही धड सांगता येत नाही.

जमिनीला लागलेली चादर परत धुवायला जाते, हा तिथला नियम. म्हणून ती एकटीने घडी करायला शिकली. चादरीचा मध्य हनुवटीखाली दाबायचा, हात पूर्ण फाकवायचे, टोकं छातीशी ओढून घ्यायची. मान आखडायची. घडी मात्र बरी यायची.

"बघा, जमतं की," सुपरवायझरबाई म्हणाल्या. "वकिलांना काय अवघड?"

घरी ती काही बोलली नाही. एका सुट्टीच्या दुपारी दोरीवरून वाळलेली चादर काढताना नवरा म्हणाला, "आण, मी धरतो." त्याने दोन टोकं धरली. तिने चादर हनुवटीखाली घेतली आणि हिसका दिला. टोकं त्याच्या हातातून सुटली.

"अगं, रस्सीखेच खेळतेस की काय?" तो हसला.

पुन्हा धरली. पुन्हा तेच झालं. तिने हातांना बजावलं, तरी ते आपल्या छातीकडेच वळले. तो हसायचा थांबला.

"तिकडे तुझ्या समोर कोण असतं?"

"कोणी नाही."

"कधीपासून?"

"जाळी बसल्यापासून." मग तिने सगळं सांगितलं.

"सोड ती नोकरी. कुठेही मिळेल काम."

"कामाचं नाही रे," ती म्हणाली. "मला ताई परत पाहिजे."

दुसऱ्या दिवशी कामावर तिने पहिली चादर उचलली, हनुवटीखाली घेतली नाही. दोन टोकं धरून उभी राहिली.

"ताई, टोक धर."

रोलर चालू होता. ताईने हात एप्रनला पुसले, एक पाऊल टाकलंही.

"वकीलबाईंना कारकून हवाय वाटतं," सुपरवायझरबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. कोणीतरी फिसकन हसलं. ताईने पाऊल मागे घेतलं.

टोकं धरून धरून तिचे हात भरून आले. चादर लोंबली, जमिनीला टेकली. तिने ती बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली. "ताई, टोक धर." दुसरीही टेकली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्या बाजूला परत धुवायच्या चादरींचा ढीग झाला होता, आणि सुट्टीनंतर तिला तळघरात पाठवलं. तिथे मळलेले कपडे येतात. रक्ताचे वेगळे, औषधाचे वेगळे करायचे.

"तिथे कोणी त्रास देतं?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. ते काम एकटीनेच करायचं असतं."

"मग सुटलीस म्हणायची."

ती हो म्हणाली.

तळघराच्या डोक्यावरच घडीची टेबलं आहेत. वरच्या लाकडी फळ्यांवर पावलं वाजतात, एकमेकींकडे चालत येतात, थांबतात. ताई डावा पाय जरा ओढते, तेवढं तिला खालूनही कळतं. समोरून येणारी पावलं कोणाची, ते मात्र ओळखता येत नाही.