ज्याचा बाण, त्याचं मांस

पंधरा वर्षं मी काएचेशी संसार करतेय आणि पंधरा वर्षं माझी एकच तक्रार आहे: शिकार हा करतो आणि मान दुसऱ्याला मिळतो. ज्याचा बाण जनावराला लागला त्याचं मांस, ही आम्हा वाळवंटातल्या शिकाऱ्यांची रीत. धनुष्य कोणी ओढलं ते कोणी विचारत नाही. बाणाचा धनी वाटणी करतो. आणि या शहाण्याच्या भात्यात स्वतःचा बाण सापडेल तर शपथ. एक शेजारच्या कुम्साचा, एक कुम्साच्या सासूचा, एक पाय गेले म्हणून घरी बसलेल्या म्हाताऱ्याचा. स्वतः बनवतो ते वाटून टाकतो, आणि लोकांचे मागून आणतो.

माग काढण्यात मात्र याचा हात धरणारा कोणी नाही. वाळूतला खूर बघून सांगेल, जनावर सकाळी गेलं की दुपारी, लंगडतंय की धडधाकट आहे. जवळ जायला पोटावर सरपटतो, कोपरं सोलून घेतो. बंदूकवाल्यांचं त्याला हसू येतं. म्हणतो, इतक्या लांबून मारलं तर जनावराची ओळख कधी व्हायची? आणि घरी आला की असा गप्प, जसा काही चोरी करून आलाय. विचारलं तर म्हणणार, एक बारकंसं काहीतरी होतं. ते बारकंसं उचलायला सहा माणसं लागतात.

यंदाच्या थंडीत माझी आई लांबच्या त्सुमक्वे गावाहून आली. आल्या आल्या तिचा जुना टोमणा, जावई चांगला, पण लोकांचा. माझं डोकंच फिरलं. एकदा तरी हिला माझ्या हातून मांस मिळालंच पाहिजे, असं मी ठरवलं. भावाने दिलेला माझ्या नावाचा एक बाण होता. तो मी काएचेच्या भात्यात घातला आणि बजावलं, हाच मारायचा. त्याने आधी बाणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बघ हं," तो म्हणाला. "मग मला बोलू नकोस."

तिसऱ्या दिवशी त्याने एका कुडूला, पिळदार शिंगांच्या मोठ्या हरणाला, गाठलं. बाणाचं विष त्याच्या अंगात भिनायला एक दिवस गेला, मग माग काढत सगळी वस्ती मांस आणायला निघाली. असल्या मरतुकड्यासाठी पाय झिजवले म्हणून कुम्सा वाटभर कुरकुरला; शिकार कितीही मोठी असो, तिला नावं ठेवायची, हीही आमची रीतच. घरी आलो. सुरी माझ्या हातात, आई समोर.

वाटणी मी आजवर बघितली होती, केली नव्हती. कुम्साच्या बायकोला मागच्या वेळी मिळालेली मांडी आठवली, या वेळीही तीच हवी. म्हाताऱ्याला दात नाहीत, त्याला काळीज हवं. काळीज त्याला दिलं, तर त्याच्या बहिणीने तोंड फिरवलं. आईसाठी चरबीच्या बरगड्या बाजूला ठेवल्या होत्या, त्यातल्या निम्म्या त्या बहिणीची समजूत काढण्यात गेल्या. शेवटी माझ्यापुढे उरली मान आणि चार खूर, आणि तरीही कुम्साची बायको आणि म्हाताऱ्याची बहीण, दोघीजणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

आईने आपला वाटा हातात तोलला. "पोरी, एवढ्या लांबून मी हाडं चघळायला आले का?"

ती चेष्टा होती की खरं, मला अजून कळलेलं नाही. मला रडूच आलं.

काएचे कुम्साच्या शेकोटीपाशी मजेत बरगडी खात बसला होता. त्याच्यावर कोणीच रुसलं नव्हतं. मी जाऊन शेजारी बसले.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"पंधरा वर्षं," तो म्हणाला, आणि अर्धी बरगडी माझ्या हातात दिली.

सकाळी मी तो बाण कुम्साच्या बायकोला देऊन टाकला. ती इतकी खूश झाली, की मला तिची दया आली.