चोवीस टोकांचा थेंब

आमचे मास्तर फोटो काढायच्या आधी माणसाला त्याचा चेहरा सांगायचे. खरंच सांगतो, असा माणूस मी दुसरा बघितला नाही. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं, केसांवरून हात फिरवला, की मास्तर काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून म्हणायचे, "तुमचं नाक डावीकडं चाललंय अन् तोंड उजवीकडं. दोघांपैकी कोणाचा काढू?" एका जाड्या आडत्याला म्हणाले, "हलू नका." मग जरा थांबून, "हललात तरी फार बिघडण्यासारखं काही न्हाई म्हणा." तो भडकला, मान ताठ झाली, डोळ्यांत आग आली, अन् तेवढ्यात खटकन् फोटो! तो फोटो इतका जिवंत आला की आडत्यानं पेढीवर लावला. म्हणून लोक शिव्या देत जायचे अन् पुन्हा यायचे. अख्खा जुना जालना त्यांना तोंडावर मास्तर म्हणायचा आणि पाठ वळली की विंचू.

मी विंचवाचा भाडेकरू. केदारखेड्याहून कचेरीत टायपिस्ट म्हणून आल्तो, एकवीस वर्षांचा, अन् स्टुडिओच्या वरची खोली घेतली. मला बोलायची भारी हौस, ती अजून आहे, आत्तासुद्धा सगळं एकदम सांगावंसं वाटून राह्यलंय. मास्तर म्हणायचे, "ए टायपिष्ट, तुझं मशीन तरी ओळ संपली की घंटी वाजवतं. तुला घंटी बसवली न्हाई का रे?"

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला डसून घेतलं. आईला गावाकडं फोटो पाठवायचा होता. मित्राचा कोट मागून आणला, खळ घातलेली कॉलर, भर उन्हाळ्याचे दिवस. रविवारी बसलो. सोमवारी मास्तर गंभीर तोंड करून म्हणाले, "काच कोरी आली." काच म्हणजे फोटोची प्लेट, मास्तर शेवटपर्यंत काचेवरच फोटो काढत. पुढच्या रविवारी पुन्हा कोट, पुन्हा घाम. पुन्हा "कोरी." तिसऱ्या रविवारी मी रडकुंडीला आलो तेव्हा त्यांनी खणातून पहिल्याच दिवशीचा फोटो काढून समोर टाकला. मस्त आलेला! "मंग पुढचे दोन रविवार कशाला बसवलं?" मी ओरडलो. "घामात तू कसा दिसतो ते बघायचं होतं," म्हणाले, अन् खोकला येईपर्यंत हसले.

सगळीच गंमत नव्हती. एका मुलीचा स्थळाला दाखवायचा फोटो होता. गालांवर देवीचे व्रण. बाकीचे फोटोवाले काचेवर बारीक पेन्सिल फिरवून व्रण बुजवून देत. तिच्या वडलांनी टोपी काढून हातात घेतली, म्हणाले, "मास्तर, तेवढं करा." मास्तर म्हणाले, "आत्ता बुजवले तर लग्नात पोरगी परत येईल. असाच पाठवा, नुसता फोटो परत येईल." फोटो परत आला. वडील दुकानासमोर भर दुपारी उभे राहून वाट्टेल ते बोलले. मास्तर आत बसून भिंग पुसत होते. मी म्हणालो, "तुम्हाला काहीच वाटत न्हाई का?" तर म्हणाले, "दार लोट. धूळ येऊन राह्यली."

आता थेंबाचं सांगतो. एका वकिलानं मास्तरांना विलायती मासिकातलं एक चित्र दाखवलं. दुधाचा थेंब पडल्या क्षणी उडालेला, गोल मुकुटासारखा, वर टोकं अन् टोकाटोकावर मोती. मास्तर म्हणाले, "हे हातानं काढलंय." वकील हसला. "फोटो आहे, मास्तर. तुमच्या डब्याला जमायचा न्हाई." त्या दिवसापासून मास्तरांचं जेवणात लक्ष राहिलं नाही. पण खरं कारण वेगळं होतं, ते मला नंतर कळलं. त्यांचे डोळे जाऊन राह्यले होते. औरंगाबादच्या डॉक्टरनं सांगितलेलं, वर्षभर. मास्तर मला म्हणाले, "जालन्यातली सगळी थोबाडं बघून झाली. जायच्या आधी ते एक बघायचंय. डोळ्यानं दिसतच न्हाई कोणाला असं काहीतरी."

अन् मग आमचं यंत्र उभं राहिलं. सायकल माझी! उलटी करून टेबलाला बांधली. मागच्या चाकावर काळ्या पुठ्ठ्याची तबकडी, कडेला करंगळीएवढी एकच फट. खिडकीतल्या आरशानं सकाळचं ऊन आत घ्यायचं, जुन्या भिंगानं ते बराबर फटीच्या वाटेवर एका ठिपक्यात आणायचं. बाकी खोलीत अंधार. मी हातानं पायडल फिरवायचं, चाक पळायचं, फट उन्हासमोरून गेली की समोरच्या थाळीवर उजेडाची नुसती थप्पड बसायची, डोळा मिटायच्याही आत खलास. थाळीत काळं कापड, त्यावर दुधाचा पातळ थर. वर टांगलेली दवाखान्यातली काचेची नळी, तिला रबराचा फुगा. मास्तर डाव्या हातानं थेंब सोडायचे, उजव्या हातानं कॅमेऱ्याचा खटका दाबायचे. मध्ये जेवढा वेळ जायचा तो कानानं. चाकाच्या आवाजावरून. "हळू झालास! कचेरीत झोप, इथं न्हाई!" दूध बघून म्हणायचे, "पाणी घालायला नको, गवळ्यानं आपलं काम आधीच करून ठेवलंय."

रविवारमागून रविवार. थेंब हवेत लटकलेला. थेंब पडून गेल्यावरच्या लाटा. किंवा फटच चुकली, काच कोरी. मास्तर अंधारखोलीत काच धुऊन ओलीच बाहेर आणायचे. आधी स्वतः उजेडात धरून बघायचे, पुढं पुढं माझ्यासमोर धरायला लागले. त्यांना उजेड, अंधार, मोठ्या सावल्या एवढंच उरलं होतं. "बोल," म्हणायचे. मी "लाटा" म्हणालो की काच सरळ बादलीत. पांढरी एनॅमलची बादली, त्यात धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी. वरचा थर दोन मिनिटांत सुटायचा अन् उघडी काच देवांच्या तसबिरी करणाऱ्याकडं जायची. बिघडलेली काच पुन्हा बघायची नाही हा त्यांचा नियम. "मेलेल्याची नाडी किती वेळ बघतो?" म्हणायचे.

एका शनिवारी मला एक गोष्ट कळली. माझं लग्न जवळपास ठरलं होतं. मुलगी मी बघितली होती, मला खूप आवडली होती, खूप म्हणजे खूप. अन् तिकडून नकार आला. का, तर मुलीचे वडील चौकशीला स्टुडिओत आल्ते, अन् मास्तर त्यांना म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पण पोटात काही राहत न्हाई त्याच्या. तुमच्या घरातलं भांडण सकाळी झालं तर दुपारी कचेरीत टाईप होऊन येईल." बस. एवढ्यावर मोडलं.

मी खाली जाऊन विचारलं. म्हणाले, "खोटं बोललो का?"

रविवारी सकाळी मी गेलो, दात आवळून पायडल फिरवलं. दिवसाची पहिलीच काच. मास्तर ती धुऊन घेऊन आले, माझ्यासमोर धरली. "बोल."

मुकुट होता!

काचेवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं. काळा कुळकुळीत मुकुट, काठ बिलकुल धारदार, टोकं उभी, एक मोती तर टोकापासून सुटून वर तरंगत होता. आणि त्याच क्षणी मला तो कोट आठवला, खळ घातलेली कॉलर आठवली, ती मुलगी आठवली. म्हटलं दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं ह्यांनाही कळू दे. मी काचेवरची नजर काढून मुद्दाम त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणालो, "कोरी."

बुडुक.

इतकं पटकन्! मी तोंड उघडलं. मी, ज्याच्या पोटात काही राहत नाही. शब्दच येईना. मास्तर बादलीवर वाकून उभे राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, "दुसरी लाव."

दुसरी कोरी होती, खरोखरची. तिसरी लाटा. त्यानंतर चार रविवार आम्ही केलं, मी असं चाक फिरवलं की तळहात सोलून निघाले. मग आभाळ भरून राहायला लागलं, ऊनच येईना. अन् ऊन परत आलं तोवर मास्तरांना खिडकी कुठं आहे हे भिंत चाचपून शोधावं लागत होतं.

परतूरहून त्यांची मुलगी न्यायला आली. मी स्टेशनवर पोचवायला गेलो, ट्रंक उचलून दिली. ती पाणी भरायला नळावर गेली आणि मी गाडीच्या खिडकीच्या गजाला धरून एका दमात बोललो, "मास्तर, ती काच कोरी न्हवती. मुकुट आल्ता. मी खोटं बोललो."

"माहीत आहे."

"कसं?"

"कोऱ्या काचेनं सोड्याचं पाणी काळं होत न्हाई, टायपिष्ट. पांढऱ्या बादलीत काळं तरंगलेलं तेवढं दिसायचं मला तेव्हा."

"मंग बोलले का न्हाई? पाच महिने झाले!"

"तुझ्या पोटात काही राहतं का ते बघत होतो. राहतं की." त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं, माझ्या खांद्याच्या जरा बाजूला. आवाज एकदम बदलला. मागितल्यासारखा. मी त्यांना कोणाकडं काही मागताना कधी ऐकलं नव्हतं. "किती टोकं होती रे?"

मला माहीत नव्हतं. मी त्यांचं तोंड कसं पडतं ते बघत होतो.

"मोजली न्हाई, मास्तर."

"मंग तू तरी काय बघितलं?" म्हणाले. मुलगी पाणी घेऊन आली. गाडी हलली. त्यांनी हात केला नाही.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी परतूरला गेलो. मुलीनं चहा केला. म्हणाली, "बाबा येईल त्याला सांगायचे, जालन्यात मी एक फोटो काढला, तसा इकडं कोणी काढला न्हाई. चोवीस टोकांचा मुकुट. लोक विचारायचे, तुम्हाला कुठं दिसतं, कोणी मोजली? तर तुमचं नाव घ्यायचे. म्हणायचे, आमच्या टायपिष्टनं मोजली, तो कधी खोटं बोलत न्हाई."

ती जरा पुढं सरकून म्हणाली, "मला कधी पटलं न्हाई, दादा. खरंच होती का हो चोवीस?"

"चोवीस," मी म्हणालो. "बराबर चोवीस."